तीन कोअर रिकामे होते

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. घरात नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

रायपूरच्या एका खाजगी कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. शेड्युलिंग माझा हातखंडा विषय. कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा, कधी काढून घ्यायचा — फळ्यावर चौकोन आखून हे मी झोपेतही शिकवीन. पण माझे चौकोन एकाच कोअरचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एकाच भागाचे. मी शिकलो तेव्हा कॉम्प्युटरमध्ये राबणारा कोअर एकच असायचा. मग लॅबमध्ये चार कोअरच्या मशीन आल्या आणि माझी पंचाईत झाली. फळ्यावर पहिलं काम, मग दुसरं, मग तिसरं. पडद्यावर मात्र सगळी एकदमच पळायची, आणि दर वेळी वेगळ्या क्रमानं संपायची. पोरं विचारायची, आणि बाहेरून येणारे परीक्षक फळ्यावरचाच क्रम मागायचे. तेव्हा मी एक शक्कल लढवली. लॅबच्या लॉगिनमध्ये गुपचूप एक ओळ टाकली — इथून सुरू होणारं प्रत्येक काम पहिल्याच कोअरवर चालेल. झालं. पडदा फळ्यासारखा वागू लागला. वर्षानुवर्षं वागला.

हे पाप म्हणाल का? नाही, ही नुसती चलाखी. पाप पुढे आहे.

प्रांजली ब्राह्मणपाऱ्यातून यायची. वडील रेल्वेत, मूळचे गोंदियाकडचे; वर्गात माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटीच. घरी कॉम्प्युटर नव्हता, जे काय ते लॅबमध्ये. शेवटच्या वर्षी तिनं प्रोजेक्ट घेतला — एक मोठं काम तोडून चारही कोअरना वाटायचं. मी हो म्हटलं. त्या दिवशी मला त्या ओळीची आठवणही झाली नाही, हे खरं. पण एका दुपारी ती मला तिच्या मशीनपाशी घेऊन गेली. पडद्यावर चार पट्ट्या, एकेका कोअरची एकेक. पहिली काठोकाठ भरलेली. बाकीच्या कोऱ्या.

"सर, कामाचे तुकडे तं बरोबर केले न मी. मंग हे तीन काहून खाली बसून राहिले?"

मला त्याच क्षणी कळलं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागून दुसरी आली असती — ओळ कुणी टाकली? का? मग इतके दिवस आम्हाला दाखवलं ते काय? मी चष्मा पुसला आणि म्हणालो, तुझ्याच कोडमध्ये गडबड असेल, नीट बघ.

"हव सर," ती म्हणाली. आणि बघत बसली.

सगळा प्रोग्राम तिनं पुन्हा लिहिला. मग परत एकदा. सकाळी लॅब उघडायच्या आधी दाराशी ही उभी. ओळ गुपचूप काढून टाकता आली नसती? आली असती. पण मग तिनं विचारलं असतं, काल नाही आणि आज कसं चाललं. आणि विचारल्याशिवाय राहणारी ती पोट्टी नव्हती. मी घाबरलो. सरळ सांगायचं तर एवढंच.

तोंडी परीक्षेत तिचा प्रोग्राम रखडला. परीक्षकांनी कारण विचारलं. "सर, गलती मेरी है, मुझे मिली नहीं." मी शेजारीच बसलो होतो. मी मान डोलावली.

परीक्षकांना गाडीत बसवून मी लॅबमध्ये परत आलो. ओळ काढली आणि तिचा सगळ्यात पहिला प्रोग्राम चालवला, तिनं त्या दुपारी दाखवला होता तो. एक अक्षर न बदलता.

काय सांगू? चारही पट्ट्या एकदम उठल्या. प्रत्येक कोअरपुढे कामांची आपापली रांग. वर बसून हुकूम सोडणारा कुणी नाही. एखाद्याची रांग संपली की तो शेजाऱ्याच्या रांगेत डोकावतो, आणि ती लांब दिसली तर तिथलं एक काम स्वतःकडे ओढून घेतो. तेही आंधळेपणानं नाही — एखाद्या कामाचं सामान नुकतंच जिथे मांडलं असेल, तिथून ते शक्यतो हलवत नाही. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत, सेकंदाला कितीतरी वेळा. कोणतं काम कोणत्या कोअरवर आहे त्याचे आकडे माझ्यासमोर बदलत होते. हे मी वाचलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं. अंगावर काटा आला. शेड्युलरच्या एवढ्याशा कोडमध्ये इतका समजूतदारपणा कुणी भरून ठेवला असेल, आणि मी तो वर्षानुवर्षं बांधून ठेवला होता. मी खुर्चीत बसायचंही विसरलो.

तो आनंद तिचा होता. मी एकट्यानं घेतला. मग ओळ परत जागेवर टाकली, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅचची प्रॅक्टिकल होती.

मागच्या वर्षी पंडरीच्या कापडबाजारात एका दुकानात ती भेटली, आईसोबत, लग्नाच्या खरेदीला. कॉम्प्युटरची लाइन सोडली होती. कुठल्याशा ऑफिसात फायली बघते म्हणाली. मग आईकडे वळली.

"आई, हे तेच सर. यायनं मले लय समजावलं व. माह्याच डोक्यात नाही घुसलं."

आणि साड्यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.