साडूचे बूट

मी समुद्राला तलाव समजलो आणि साडूचे कोरे बूट घालवून बसलो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मुंबईत राहतो. फेब्रुवारीतला रविवार, लख्ख ऊन. आम्हा जळकोटकडच्या पाहुण्यांना तो स्वतःच्या गाडीतून मुंबई दाखवत होता; मेहुणीही बरोबर होती. सकाळी गेटवे, बोटीतली चक्कर, दुपारी वांद्र्याचा समुद्र. बायको त्याला दाजी म्हणते. त्या दिवशी तिनं जितक्यांदा ‘दाजी’ म्हटलं, तितक्यांदा लग्नापासून मला ‘अहो’ म्हटलं नसेल.

“दाजी, ते जहाज कुठनं आलंय?”

“दाजी, हे पाणी पिकाला चालत न्हाय व्हय?”

आता पिकाचं तरी मला विचारावं! वीस वर्षं शेती करतोय मी. पण नाही. तिनं फोटो काढायलाही मोबाईल त्याच्याकडंच दिला. वर मला ऐकवलं, “दाजींचा हात बघा कसा थिर हाय. तुमच्या फोटोत निम्मं तुमचं बोटच येतं.”

दिवस मावळायच्या आत एकदा तरी तिनं माझ्याकडं तशा कौतुकानं बघावं, एवढंच मला हवं होतं.

वांद्र्याला संधी आली. साडू म्हणाला, वर कठड्यापाशी सावलीत बसू. मी म्हणालो, “छ्या! समुद्रावर आलोय तर पाण्याला पाय लागले पाहिजेत.” आणि सगळ्यांना खाली खडकांवर नेलं. अगदी पाण्याच्या काठाला सपाट जागा धरली, चादर अंथरली, घरून आणलेल्या भाकरी आणि शेंगाची चटणी मधोमध मांडली. “जागा चांगली गावली की,” बायको म्हणाली. माझी छाती दोन इंच फुगली.

तेवढ्यात साडूनं डबक्यातले खेकडे दाखवायला बूट-मोजे काढले. मग रस्त्यापलीकडचा एका सिनेनटाचा बंगला बघायची टूम निघाली. दोघी बहिणी पुढं गेल्या. अनवाणीच त्यांच्यामागं निघालेला साडू वळून म्हणाला, “साडूभाऊ, भरती लागलीय. सामान वर घ्या हं.”

मला हसूच आलं. आमच्याकडं तलावाचं पाणी एकदा उतरलं की मृगापर्यंत चढत नाही. उघड्या पडलेल्या गाळात आम्ही बिनघोर टरबुजं लावतो. अख्खा उन्हाळा पुढं पडलाय आणि म्हणे पाणी चढतंय! इथंही शहाणपणा दाखवतोय, असं वाटलं. सामान तिथंच ठेवून मी एकटाच कठड्यावर चढलो. कशाला? तर रस्त्यापलीकडं बायको त्याच्या बोलण्यावर किती हसते, ते मोजायला.

अकरा वेळा हसली. मग मागं वळून बघितलं तर चादर तरंगत होती. भाकरी कुठं, बूट कुठं! गुडघाभर पाण्यात उतरलो तर हाती आला एक मोजा.

मंडळी परत आली. बायको ओल्या विजारीकडं बघून म्हणाली, “काय केलं?”

मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाला, “चूक माझीच. यांना भरतीचं सांगायला हवं होतं.”

म्हणजे मला वाचवायचं कामही यानंच करायचं! बायकोच्या डोळ्यांत तर असं काही कौतुक दाटलं की मला राहवेना. या एका बाबतीत तरी त्याच्या वरचढ व्हायचं ठरवून मी म्हणालो, “न्हाय. त्यांनी सांगितलं होतं. म्याच ऐकलं न्हाय.”

आणि तिच्याकडं बघत उभा राहिलो.

ती बघत होती तापल्या फरशीवर पाय आलटून-पालटून टेकवणाऱ्या साडूकडं.

“खरं बोलला म्हणून ओवाळू का तुमाला?” ती म्हणाली. “पायातल्या चपला काढा आन् दाजींना द्या.”