बाटलीची किंमत

आमच्या शेजारच्या काकू मेथीचा भावसुद्धा गुपितासारखा हळू सांगतात. यजमान गेल्यावर त्यांच्या पेटीत वाइनची जुनी बाटली निघाली. जावई म्हणाले, लाखांत जाईल. तेव्हापासून काकूंच्या दोन्ही मुलींचं वाट्यावरून एकमेकींशी बोलणं बंद झालं. वर्ध्यात दारूबंदी, म्हणून चादरीत गुंडाळलेली बाटली घेऊन आम्ही दोघी बसनं नागपूरला गेलो.

तिथल्या वाइनच्या दुकानदारानं ती उजेडात धरली. "आजी, हे आंबून गेलं. काहीच येणार नाही."

"नक्की ना?" काकूंनी विचारलं आणि तिथल्याच स्टुलावर बसून मोकळा श्वास घेतला. मग थोरलीला फोन लावला. "बाटलीचं काईच येत नाई, माय. रविवारी जेवाले येजो. धाकटीबी येऊन राह्यली."

धाकटीला त्यांनी अजून विचारलंही नव्हतं.