पैशाचा कान

आमचं घर शेळ्यांवर चालतं. उमापूरच्या शिवारात जमिनीचे दोन तुकडे आहेत, पण ते नावाला. खरा संसार आबांच्या, माझ्या वडलांच्या, काठीपुढं चालतो. करडू लहान असतानाच आबा त्याच्या कानाला कातरा मारतात, ती आमच्या घरची खूण. दुसऱ्यांच्या खुणाही त्यांना पाठ. बाजारात चोरीचं जित्राब आलं तर आबा कान चाचपून हात मागं घेतात. मग कुणी फुकटात दिलं तरी घेणार नाहीत. आमच्याकडं मिरवावं असं एवढं एकच आहे.

फोनवरचे पैसे आबांना आवडायचे. पूर्वी बोकड विकून येताना पैसे बंडीच्या चोरखिशात आणि सगळ्या वाटेनं हात छातीवर. नंतरही सौदा रुमालाखाली बोटं धरूनच व्हायचा, पण पैसे फोनात पडायचे आणि आबा लगेच मला परळीला सासरी फोन लावायचे. "आलं बग बाई, टुंग वाजलं!" मी थर्मलची अंगणात पडलेली राख झाडता झाडता म्हणायचे, "वाजलं ना? मग जेवा आता." लेकरासारखे खूश व्हायचे.

माय बांधावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. बीडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन लवकर करा, उशीर झाला तर बाई पुन्हा उभी राहायची नाही. सरकारी योजनेत बसवायला गेलो तर रेशनकार्डावर मायचं नाव एक, आधारवर दुसरं. तरी आबा निवांत होते. नुकतीच सगळी मोठी बोकडं एका परमुलखातल्या व्यापाऱ्याला दिली होती. पैसे खात्यात पडून होते.

दवाखान्याच्या काउंटरवर आबांनी स्कॅनरपुढं फोन धरला. पैसे गेले नाहीत. पुन्हा धरला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, जात नाहीयेत." आबांनी फोन तिच्यापुढं केला. "हायत की. हे काय, दिसत्यात." दिसत होतेच. मलाही दिसत होते. पण दिसणाऱ्या पैशानं ऑपरेशन होत नाही.

बँकेतल्या साहेबानं खातं बघितलं आणि आम्हाला आधी बसायला सांगितलं. त्या व्यापाऱ्यानं जे पैसे टाकले, ते कुणाला तरी ऑनलाइन फसवून काढलेले होते. दूरच्या राज्यातल्या पोलिसांनी ते पैसे जिथं जिथं गेले ती सगळी खाती बंद करायला लावली होती. तिथून पत्र आणा, मग खातं उघडेल, असं साहेब म्हणाला.

"सायेब, मी बोकडं दिली, तेनं पैसं दिलं. मला का म्हून धरता?"

"काका, तुम्हाला कुणी धरलेलं नाही. फक्त खातं धरलंय."

"चोरीचं जित्राब मी कानावरून वळखतो," आबा म्हणाले. "पैशाचा कान कुठं हाय? दावा मला."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी मागवलं, एक नंबर दिला. त्या नंबरवर कधी नुसती रिंग वाजायची, कधी एक माणूस आम्हाला न कळणाऱ्या भाषेत बोलून शेवटी "मेल करो" म्हणायचा. मी मेल केला. पुन्हा केला. नारायणगडावर जाऊन आबांनी पायरीवर डोकं टेकवलं. त्या पोलिसांना गड काय माहीत!

मग आबांनी दुभत्या शेळ्या बाजारात नेल्या. तिथं रोकड कुणाच्याच खिशात नव्हती. "पोरीच्या खात्यात टाकतो," व्यापारी म्हणायचे. आबा मागं सरायचे. "तिचंबी बंद पडलं तर?" मला त्यांचा राग येत होता आणि मला स्वतःलाही तीच भीती होती. शेवटी एकानं अर्ध्या भावात रोख दिले. ते, माझ्याजवळचे, माझ्या नवऱ्यानं उसने आणलेले, सगळे मिळूनही पुरले नाहीत. मायला घरी आणलं. हाड ताणून राहावं म्हणून खाटेच्या पायथ्याशी तिच्या पायाला वजनाची वीट बांधली.

गावात तोवर बोभाटा झाला होता. पोलिसांनी म्हाताऱ्याचं खातं बांधलं म्हणे. आगीशिवाय धूर निघतो का? ज्या माणसाकडं लोक हरवलेल्या शेळीचा कान ओळखायला यायचे, त्याच्या अंगणात आता कुणी फिरकेना. मी दोघातिघांशी भांडले. भांडून काय होतं, उलट जास्तच पसरलं. आबा मायच्या खाटेशी बसून रोज तेच समजावायचे, व्यापारी कसा आला, पैसे कसे पडले. माय डोळे मिटून ऐकायची. मला वाटायचं, तिला कळतंय.

डॉक्टर म्हणाले होते तो उशीर आता होऊन गेला होता. एका सकाळी मी मायची वेणी घालत होते. ती हळूच म्हणाली, "तुज्या बापाला काय बोलू नको, बाई."

"कशाबद्दल?"

"तेनं जे काय केलं असंल ते माज्यासाठीच केलं. मी माफ केलंय."

मी फणी खाली ठेवली. "माय, आबांनी काही केलेलं नाही. किती वेळा सांगितलं तुला?"

"हां, हां," माय म्हणाली, लेकराला म्हणावं तसं. "मी कुनाला सांगत न्हाई."

आबा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. आता ते पुन्हा व्यापाऱ्यापासून सुरुवात करतील, ओरडतील, शपथ घेतील असं मला वाटलं. देवा, त्यांनी ओरडावं असं मला फार वाटलं.

ते खाटेजवळ आले. मायच्या मानेखाली हात घालून त्यांनी तिला जरा उचललं आणि पाणी पाजलं. त्यानंतर त्यांनी मायला त्या पैशांबद्दल एकदाही काही समजावलं नाही.