शिसपेन्सिलवाले डॉक्टर

माझ्या भावाच्या चार दिवसांच्या मुलीच्या आतड्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी नांदेडला झालं. दीड तास लागेल असं सांगितलं होतं. चार तास लागले.

ऑपरेशन करणाऱ्यांना वॉर्डात सगळे पेन्सिलवाले डॉक्टर म्हणत. ऑपरेशनआधी ते आईबापाला समोर बसवून केसपेपरच्या पाठीमागं बाळाच्या आतड्याचं चित्र काढून दाखवत. खिशाला पेन असायचं, पण चित्र शिसपेन्सिलीनंच. "पेनानं काढलं की लोक खरं धरतात. आत काय हाय, ते उघडल्यावरच कळतं."

चित्राच्या कोपऱ्यात ते बाळाचं नाव लिहीत. वहिनी म्हणाली, "बारसं व्हायचंय अजून, सर."

"मग जागा सोडतो," ते म्हणाले.

भाऊ लोह्याला नळजोडणीची कामं करतो. आतडं एका ठिकाणी बंद आहे, तेवढा भाग काढून दोन टोकं जोडायची, हे चित्र बघून त्याला लगेच समजलं. "म्हंजे एक जोड द्यायचा."

"हाव. तुम्हालाच आत नेलं असतं. पण तुमचा पाइप हाताएवढा, हिचा करंगळीएवढाबी न्हाई." भाऊ हसला. त्या आठवड्यात तो तेवढाच हसला.

बाळाला हात लावण्याआधी डॉक्टर तळवे एकमेकांवर घासून गरम करत. थंड हातानं पोट आवळतं आणि खोटंच कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ऑपरेशननंतर बाहेर येऊन त्यांनी तोच कागद मागितला. खोडरबरानं बरंच खोडलं. आतडं एका नव्हे, सहा ठिकाणी बंद निघालं होतं. मधल्या भागाला पीळ पडून तो काळा झाला होता. तो काढावा लागला. उरलेलं आतडं त्यांनी कागदावर रेघ ओढून दाखवलं. रेघ फार आखूड होती.

"तेवढं नवीन घालता येत न्हाई का, सर?" भावानं विचारलं.

"तुमच्या धंद्यात नवा पाइप मिळतो. माझ्याकडं न्हाई."

"हैदराबादला नेलं तर?"

"नका नेऊ म्हणत न्हाई. पण ती तिथवर टिकंल, असं वाटत न्हाई मला."

पुढं ते रोज आले, रविवारीही. तळवे घासायचे, पोटावर हात ठेवायचे. दूध तिला पचलं नाही.

जन्माच्या अकराव्या दिवशी सकाळी ती गेली. बारसं दुसऱ्या दिवशी होतं.

डॉक्टरांची नंतर लातूरला बदली झाली. कागद वहिनीकडं आहे. कोपऱ्यातली जागा कोरी आहे.