बंद गाडीपाशी

आमच्या पोरीचा फोन आला की माझ्या वाट्याला दोनच वाक्यं येतात. "बाबा, तब्येत बरी हाय ना? आईले द्या." मी "बरी हाय" म्हणतो आणि फोन बायकोच्या हातात देतो. मग त्या दोघी तासभर बोलतात, आणि मी वाचून झालेला पेपर पुन्हा उघडून कान तिकडे लावून बसतो. पोरगी स्कॉटलंडला दवाखान्यात नर्स आहे. एकुलती एक.

दोष तिचा नाही. मी नोकरीभर उमरखेडहून यवतमाळला एसटीची लाल गाडी नेली आणि आणली. जाताना महागाव, आर्णी; येताना आर्णी, महागाव. माझ्या सीटमागे 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी होती. बायको म्हणते, रिटायर होताना यांनी बाकी सगळं डेपोत जमा केलं, ती पाटी तेवढी घरी घेऊन आले. ती गमतीनं म्हणते, पण मला ते लागतं, कारण खरं आहे. मला बोलायचं असतं. पण जमत नाही.

पोरीनं तिकडे एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. मागे झोपायला फळी, दोन बर्नरची शेगडी, भांडी घासायला परातीएवढं सिंक. तुम्ही दोघं या, फिरू, असा तिचा धोशा होता. बायकोला थंडी सोसत नाही. ती म्हणाली, "तुमीच जा. जिंदगीभर लोकायले फिरवलं, आता पोरगी फिरवते त फिरा जरासे." मी निघालो तो मनात एकच गोष्ट घेऊन. पोरीला विचारायचं, बाई, तुले तिथं करमते काय? हे फोनवर विचारता येत नाही. फोनवर माणूस हो म्हणून मोकळा होतो.

तिथं ती चालवायची आणि मी शेजारी बसायचो. ड्रायव्हरला दुसऱ्याच्या शेजारी बसवणं ही शिक्षाच. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय खाली दाबला जायचा. "बाबा, तिथं ब्रेक नाई," ती म्हणायची. आमचं बोलणं त्याच्यापुढे सरकत नव्हतं. गाडीनं पहिल्यापासूनच खोड्या काढायला सुरुवात केली. पंप घरघर करायचा आणि नळाला पाणी येत नव्हतं. मग फ्रिज बसला आणि दूध नासलं. सरकतं दार एकदा उघडलं की लावायला दोघांनी ढकलावं लागायचं. पोरगी मोबाइलमध्ये पाहून पाहून एकेक निस्तरत होती. मला त्यातलं काही कळत नाही. आमच्याकडे गाडी चालवणारे वेगळे आणि खोलणारे वेगळे.

एका दुपारी, मोठ्या तळ्याच्या काठाकाठानं जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, गाडीनं दोन गचके दिले आणि बंद पडली. पोरीनं कशीबशी कडेला घेतली. किल्ली फिरवली तर नुसतं टकटक. तिनं फोन लावला, तिकडून सांगितलं की मदतीची गाडी यायला बराच वेळ लागेल. पुढे उतारावर चार घरं आणि एक चहाचं दुकान दिसत होतं. ती म्हणाली, "चला बाबा, तिथं बसू."

"तू जा. गाडी सोडाची नाई," मी म्हणालो.

"काहून? अठी कोणी चोरत नाई गाडी."

चोरीचा सवाल नव्हताच. आमच्या लाइनीत गाडी बंद पडली की कंडक्टर फोन शोधायला जाणार, पॅसेंजर मागून येणाऱ्या गाडीत बसून जाणार, आणि ड्रायव्हर गाडीपाशीच थांबणार. डेपोतून माणसं येईपर्यंत तो हलत नाही. बंद पडलेली गाडी एकटी उभी असली की बेवारस दिसते, मला ते बघवत नाही. पोरीला मी हे असं काही सांगू शकलो नाही. खाली उतरलो, मोठा दगड शोधून मागच्या चाकाला लावला. मग झुडपाच्या डहाळ्या मोडल्या आणि गाडीच्या मागे, थोड्या अंतरावर रस्त्यात टाकल्या. रस्त्यावर हिरवी डहाळी दिसली की पुढे गाडी बंद आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

तिथं नाही सांगत. एक म्हातारा गोरा मोटारीतून आला, थांबला, उतरला, आणि वाऱ्यानं पडल्या असतील असं समजून त्यानं माझ्या सगळ्या डहाळ्या उचलून कडेला नीट रचून ठेवल्या. वर मला हात करून गेला. मी पुन्हा रस्त्यात टाकल्या. थोड्या वेळानं एक बाई आली, तिनंही तसंच केलं, आणि जाताना मला काहीतरी गोड बोलली. मी तिसऱ्यांदा डहाळ्या घेऊन निघालो तेव्हा पोरगी गाडीच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होती. मी गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. खरं सांगायचं तर ती शाळेत होती तेव्हापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग ती चहाच्या दुकानात गेली नाही. तिनं शेगडीवर चहा ठेवला, आलं ठेचून टाकलं. आम्ही दार उघडं ठेवून बसलो. समोर तळं होतं, मेंढ्या होत्या, आणि करायला काही नव्हतं.

"तुमची गाडी बंद पडे तवा तुमी एकटे काय करत बसा?" तिनं विचारलं.

"काय करन? दोन्ही बाजूनं कापसाची पऱ्हाटी. तिच्याकडे पाहत बसाचं."

"आनखी?"

"तुही आठवण काढाचो," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते गेलं कसं, माझं मलाच कळलं नाही.

ती कपात पाहत राहिली. मग सांगायला लागली. ती लहान असताना मला घरी यायला उशीर झाला की आई तिला म्हणायची, गाडी बंद पडली असंल, तू जेवून घे. ती हो म्हणायची आणि ओट्यावर येऊन बसायची. स्टँडकडून येणारा प्रत्येक आवाज ऐकायची. त्यावरून ती तिच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याच्या गोष्टीवर गेली, तिथून हिवाळ्यात दुपारीच पडणाऱ्या अंधारावर. ड्युटी संपली की ती पार्किंगमध्ये या गाडीतच थोडा वेळ बसते, लगेच घरात जावंसं वाटत नाही, असंही म्हणाली. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. मी मनातला प्रश्न काढायला तोंड उघडलं, आणि वळणावरून पिवळा दिवा फिरवत मदतीची गाडी आली. आमच्या डेपोची वाट पाहता पाहता माझा अर्धा जन्म गेला, आणि तिथं नेमकी त्या दिवशी यांना घाई सुटावी! मला त्या मेकॅनिकचा भयंकर राग आला. बिचारा चांगला माणूस होता. त्यानं दगड काढून माझ्या हातात दिला.

मी परत आलो. पुढे एकदा बायकोनं फोन माझ्याकडे दिला. "घ्या, तुमचं डिपार्टमेंट हाय."

"बाबा, गाडी बंद पडली."

तेव्हापासून ते सुरू झालं. गाडी बंद पडली की मदत येईपर्यंत ती गाडीत बसायची, आणि मी इकडे ओट्यावर. कधी इंजिनाचा पट्टा तुटलेला, कधी दिवा चालू राहून बॅटरी उतरलेली. मी आधी विचारायचो, चाकाले दगड लावला काय, डहाळी टाकली काय. ती म्हणायची, टाकली, आणि आत्ताच एकानं उचलली. मग आम्ही बोलायचो. यंदा सोयाबीन कसं आहे, शेजारच्यांनी भिंत कुठवर आणली, ती काय जेवली. बायको पोरीइतकीच मलाही ओळखते. म्हणायची, "पोरीची गाडी बंद पडो म्हणून नवस बोला एखादा." बोललो नाही, पण मनात यायचं. बापाच्या मनात असं यावं का? यायचं खरं.

ती व्हॅन तिनं विकली. नवी कोरी घेतली, व्हिडिओ पाठवला. "बाबा, आता तुमाले टेन्शन नाई. ही बंदच पडत नाई."

"बेस झालं, बाई," मी म्हणालो, आणि फोन बायकोला दिला.

त्यानंतर पुन्हा दोन वाक्यं. तब्येत बरी हाय ना, आईले द्या. मी संध्याकाळी स्टँडवर जाऊन बसायला लागलो. गाड्या यायच्या, लागायच्या, निघायच्या. एकही बंद पडत नव्हती. मला पोरीची इतकी आठवण यायची की चहा समोर तसाच गार व्हायचा.

यंदा कापूस वेचणी सुरू झाली त्या दिवसांतली गोष्ट. बायको बहिणीकडे आर्णीला गेली होती. दुपार कलली होती आणि माझ्याच मोबाइलवर फोन आला.

"बाबा, गाडी बंद पडली."

आधी आनंद झाला, मग काळजी. "नवी गाडी! काहून?"

"मले का मालूम!"

"साइडले घेतली काय?"

"घेतली."

"दगड लावला?"

"लावला."

"डहाळी?"

"टाकली ना, बाबा."

ती बोलत होती आणि तिच्या मागे इंजिन चालू होतं. एका लयीत, बिनतक्रार. काचेवर वायपर फिरत होते. मी फोन कानाशी आणखी दाबला. आवाज तोच. मी इंजिनाचं नाव काढलं नाही. पाऊस पडून राह्यला काय, एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. मागे ते इंजिन चालतच होतं.

"बाई," मी म्हणालो, "तुले करमते काय तिथं?"

तिकडे किल्ली फिरल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं, वायपर थांबले. काचेवरचा पाऊस मला इथं ओट्यावर ऐकू यायला लागला.

"नाई करमत, बाबा."

"बरं," मी म्हणालो. "बस मंग. मी आहो."