गुरुवारची बाटली

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ताजेकाका म्हणायचे. कारण एकच. रोज सकाळी ते कालचं द्रावण सिंकमध्ये ओतून द्यायचे आणि नवं करायला घ्यायचे. "काका, अर्धी बाटली शिल्लक आहे की," असं कुणी म्हटलं, तर म्हणायचे, "मग पिऊन टाक."

अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच चाचणी केली. पेशीतल्या काही प्रथिनांना मेदाम्लाची शेपटी चिकटलेली असते. तिच्या जोरावर प्रथिन पेशीच्या पडद्याला धरून राहतं. काम संपलं की एक विकर, म्हणजे एन्झाइम, येऊन ती शेपटी तोडतं आणि प्रथिन सुटतं. ही शेपटी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून काका आपल्या द्रावणाने ती तोडायचे, रिकाम्या झालेल्या जागी खूण चिकटवायचे आणि त्या खुणेची काळी पट्टी फिल्मवर उमटायची. पट्टी आली, म्हणजे शेपटी होती. पण द्रावण शिळं असलं तर शेपटी तुटतच नाही, पट्टी येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं, शेपटी नव्हतीच.

काकांच्या पट्ट्यांवर नऊ शोधनिबंध उभे राहिले. नाव एकावरही नाही. "फ्रिज कुठे नाव मागतो?" असं ते स्वतःच म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

मग मॅडमचं औषध आलं. मॅडम आमच्या प्रमुख. औषध दिलं की पेशीतल्या शेपट्या तुटतात, असा त्यांचा दावा होता. औषध न दिलेल्या पेशींची चाचणी काकांनी गुरुवारी केली. पट्टी ठसठशीत आली. शुक्रवारी औषध दिलेल्या पेशी घेतल्या. पट्टीचा मागमूस नाही. मॅडम स्वतः उठून काकांच्या टेबलापाशी आल्या. "काका, या निबंधावर तुमचं नाव लागणार. चौथं."

काकांनी घरी सांगितलं. मुलीने सासरी सांगितलं.

सोमवारी फ्रिज पुसताना त्यांच्या हाताला गुरुवारची तारीख लिहिलेली बाटली लागली, तळाला आलेली. शुक्रवारची बाटली नव्हतीच. शुक्रवारी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दुपारपर्यंत दवाखान्यात पोचायचं होतं. त्या एका दिवशी घाईघाईत त्यांनी कालचंच द्रावण वापरलं होतं.

कुणाला न विचारता त्यांनी ताजं द्रावण केलं आणि दोन्ही तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी लावल्या. दोन्ही पट्ट्या सारख्याच काळ्या आल्या. आम्ही चौघांनी ती फिल्म पाहिली. मग काका ती घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"औषधानं काही झालेलं नाही, मॅडम. चूक माझी आहे."

मॅडमनी फिल्म खिडकीकडे धरली. "अठ्ठावीस वर्षांत झाली नाही ती चूक नेमकी शुक्रवारीच झाली? आजच झाली नसेल कशावरून?"

"आजची बाटली समोर आहे. परत करून दाखवतो."

"निबंध परवा जातोय, काका. घरी सांगितलंय ना नावाचं?"

काका म्हणाले, "मग नाव काढा."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि फिल्म ड्रॉवरमध्ये टाकली. इतक्या सहज, की काका अजून काहीतरी ऐकायचं बाकी असल्यासारखे तिथेच थांबले. बाहेर आम्ही वह्यांत डोकं खुपसून बसलो होतो. माझं नाव तिसरं होतं.

निबंध पाच महिन्यांनी छापून आला. मुलीच्या सासरी तोवर विचारणं चालूच होतं, आला का तुमच्या बाबांचा निबंध. काका माझ्या टेबलापाशी आले.

"द्रावणाचं काय लिहिलंय, वाच जरा."

मी वाचलं. प्रत्येक चाचणीसाठी द्रावण त्याच दिवशी ताजं तयार केलं होतं.

ते वाक्य त्यांनीच मला सांगितलं होतं, शुक्रवारच्या कितीतरी आधी. मी तसंच ठेवलं होतं.

"नीट लिहिलंयस," काका म्हणाले, आणि कालची बाटली उचलून सिंककडे गेले.