दबक्या आवाजातले पापड

१२ फेब्रुवारी १९६१, रविवार. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमधल्या आम्ही बायका माझ्या अंगणात उडदाचे पापड लाटत होतो. शेजारीण रत्नागिरीहून आलेल्या बहिणीला घेऊन आली. बहिणीचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारा. बोट सोडून इथे प्लँटमध्ये कामाला लागू का, असं त्याने तिला विचारलं होतं. उत्तर देण्याआधी ती इथला संसार बघायला आली होती.

लाटलेला प्रत्येक पापड ती उजेडाकडे धरून बघायची. कुणाच्या तरी थट्टेवर ती खळखळून हसली, तशी मी तिला दटावलं.

"हळू ना बाई! नाइट करून आले सारे. झोपून राह्यले."

तिने बंद दारांकडे पाहिलं. "म्हणजे तुमचे नवरेही बोटीवरच म्हणायचे."

"अन् उठले का खेकसतेत," एकजण म्हणाली.

तेवढ्यात आतून आमच्या ह्यांचं घोरणं ऐकू आलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ती हसली नाही.

"एवढं ऐकू आलं तरी पुरे," तिने पुढची लाटी उचलली. "ये म्हणून कळवते त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या रांगेतल्या रिकाम्या क्वार्टरच्या नळाला पाणी येतं का, ते बघून आले.